उदासी हृदयापर्यंत कोणत्या वाटेने जाते?

सुरतेत लेसरने हिरे कापतात हे जगाला माहीत आहे. त्याच कसबातून या शहरात माणसाच्या हृदयासाठीही एक वस्तू बनते, हे मात्र सुरतकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असतं. हिऱ्यांसाठी लेसर यंत्रं तयार करणाऱ्या धीरजलाल कोटडियांच्या सहजानंद समूहातून पुढे सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज ही स्टेंट बनवणारी कंपनी उभी राहिली. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची इवलीशी नळी घ्यायची, लेसरने तिच्यात जाळी कोरायची, जाळीवर औषधाचा लेप चढवायचा आणि मिटलेल्या फुग्यावर ती घट्ट बसवायची. त्यांच्या सुप्राफ्लेक्स स्टेंटच्या जाळीची जाडी ६० मायक्रॉन आहे. डोक्यावरचा केस साधारण एवढाच असतो, कित्येकांचा याहून जाडच. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या स्टेंटच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. युरोपातल्या सात देशांतले १,४३५ रुग्ण, तुलनेला जगभर वापरला जाणारा झिएन्स स्टेंट. आणि वर्षभराच्या हिशेबात सुरतचा स्टेंट त्याच्यापुढे कमी पडला नाही.

हा स्टेंट मनगटातल्या धमनीतून हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवतात, तुंबलेली वाट मोकळी होते. मरणाच्या दारात गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून चहा मागतो. याचं नवल मला कधीच कमी वाटलं नाही. पण या लेखाचा विषय त्यानंतर सुरू होतो.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेली माणसं इथे पिढ्यान् पिढ्या लूमवर, डाइंग मिलमध्ये, साड्यांच्या पार्सलांवर राबत आली आहेत. महापालिका त्यांच्या पोरांसाठी आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. अशा एखाद्या घरातल्या पन्नाशीच्या माणसाला झटका येतो. आयुष्मान कार्डावर स्टेंट पडतो. घरी सोडताना डॉक्टर कागद हातात देतात, गोळ्या समजावतात आणि शेवटी पाठीवर हात ठेवून म्हणतात, “टेन्शन घेऊ नका, काका.”

पुढचे दोन महिने घरात जे चालतं, ते कुठल्याच रिपोर्टात उमटत नाही. माणूस भिंतीला टेकून बसलेला असतो. टीव्ही चालू असतो, तो बघत नसतो. पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडाच राहतो. एरवी ठेच्यावाचून घास न उतरणारा माणूस अर्धी भाकरी ताटात ठेवून उठतो. गल्लीतलं कुणी विचारतं, “काय नाना, कसं काय?” तर “बरंय” एवढंच. बायको म्हणते, “अहो, जरा खाली चक्कर मारून या.” उत्तर येतं, “जाऊन काय करू?” मग घरचे आपली आपणच समजूत घालतात, की एवढं मोठं दुखणं झालं, माणूस उदास होणारच.

ही समजूत प्रेमापोटी आलेली असते, पण ती महागात पडते. झटक्यानंतर थोडे दिवस मन खचणं साहजिक आहे. तेच आठवडेच्या आठवडे टिकलं, झोप, भूक, रस सगळं घेऊन गेलं, तर त्याला नैराश्य म्हणतात. झटका येऊन गेलेल्या साधारण पाचांपैकी एकाला ते गाठतं. आणि नाना पुढचं वर्ष बघतील की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींत रक्तदाब आणि साखर यांच्या ओळीत ही उदासीही बसते.

हे पहिल्यांदा स्वच्छ आकड्यांत मांडलं ते कॅनडात. तसा १९३७ सालीच अमेरिकेत माल्झबर्ग नावाच्या संशोधकाने मनोरुग्णालयांतल्या नोंदी चाळून लिहिलं होतं, की विषण्णतेच्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आहेत. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९९३ साली माँट्रिअल हार्ट इन्स्टिट्यूटमधल्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि फ्रान्स्वा लेस्पेरान्स यांनी साधीच गोष्ट केली. झटका येऊन पाच ते पंधरा दिवस झालेल्या २२२ रुग्णांशी ते रीतसर मुलाखतीला बसले आणि मनाची अवस्था नोंदवली. त्यांपैकी ३५ जणांना मोठं नैराश्य होतं. मग सहा महिने वाट पाहिली. नैराश्य असलेल्यांतले १७ टक्के दगावले, नसलेल्यांतले ३ टक्के. हृदय किती कमजोर झालंय, आधी झटका येऊन गेलाय का, हे सगळं हिशेबात धरून वजा केलं तरी धोका चौपटीहून जास्त उरला. म्हणजे हृदयाचा पंप किती निकामी झाला याला डॉक्टर जेवढं वजन देतात, तेवढंच वजन या मुलाखतीतल्या उत्तरांना द्यायला हवं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा आकडा खाली आला, दुपटीच्या आसपास; पण तो पुसला गेला नाही. २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञगटाने शिफारस केली, की झटक्यानंतरचं नैराश्य हा पुढच्या धोक्याचा घटक म्हणून अधिकृतपणे धरावा.

आता खरा प्रश्न. उदासी ही तर मनातली गोष्ट. ती धमनीत उतरते कशी?

चरकसंहितेत वातज हृद्रोगाची कारणं सांगताना शोक यादीच्या अगदी सुरुवातीला येतो, उपवास आणि अतिश्रम त्याच्यामागून. बारीक नजरेच्या वैद्यांनी हे नातं कधीच टिपलं होतं. वाट मात्र आपल्याला गेल्या तीस-चाळीस वर्षांत दिसू लागली, आणि ती एकच नाही, अशा वाटा अनेक आहेत.

पहिली वाट प्लेटलेट्सची. दर पावसाळ्यात डेंग्यू येतो, त्यामुळे प्लेटलेट हा शब्द सुरतेत कुणाला समजवावा लागत नाही. दीड लाखाच्या खाली आकडा गेला की घर हवालदिल होतं. दोन-तीन मायक्रॉनची ही चकती आठ-दहा दिवस जगते, आणि कुठे जखम दिसली की तिथे जाऊन चिकटते, इतरांना हाका मारते, रक्त गोठवते. हाका मारायला ती जी रसायनं वापरते, त्यांतलं एक सेरोटोनिन. होय, तेच, ज्याचं नाव आपण मेंदू आणि मूड यांच्या संदर्भात ऐकतो. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसतंच. ते आतड्यात तयार होतं आणि रक्तातून जाताना प्लेटलेट्स ते शोषून आपल्या पोतडीत भरतात. शोषून घेण्याचं त्यांचं दार हे मेंदूतल्या पेशींच्या दाराच्याच घडणीचं आहे. नैराश्याच्या अनेक रुग्णांत या प्लेटलेट्स जास्त तापट आढळल्या आहेत, थोड्या निमित्ताने एकमेकींना चिकटणाऱ्या. ६० मायक्रॉनच्या नव्या कोऱ्या जाळीवरून रक्त वाहतं, त्या रक्तात अशा प्लेटलेट्स असतील, तर काय होऊ शकतं हे वेगळं सांगायला नको.

आणि याची दुसरी बाजू बघा. नैराश्यावर दिली जाणारी सर्ट्रालीनसारखी गोळी मेंदूतलं ते दार अडवते. दार तेच असल्यामुळे ती प्लेटलेटचंही दार अडवते आणि प्लेटलेट मवाळ होते. २००२ सालच्या ‘सॅडहार्ट’ या चाचणीत ३६९ हृदयरुग्णांना ही गोळी किंवा नुसती खोटी गोळी दिली. ती हृदयाला घातक नाही, हे त्यातून ठरलं, आणि यातल्याच काही रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स शांत झालेल्या दिसल्या. मनासाठीची गोळी रक्ताला समजावते, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

दुसरी वाट तुम्हाला आत्ता बोटाखाली सापडेल. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित घाईत येतात, बाहेर सोडताना रेंगाळतात. निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. मेंदूतून निघून छातीत उतरणारी व्हेगस ही नस त्याला दर श्वासाला ‘जरा हळू’ म्हणत असते, आणि हृदय ऐकत असतं. या ऐकण्यात पडणारा फरक मिलिसेकंदांत मोजता येतो. १९८७ साली झटका येऊन गेलेल्या ८०८ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या ठोक्यांतला हा फरक फारच कमी, त्यांचे मृत्यू कितीतरी जास्त. पुढे सेंट लुईसमधल्या रॉबर्ट कार्नी यांनी दाखवलं, की झटक्यानंतर नैराश्यात गेलेल्यांचे ठोके बाकीच्यांपेक्षा जास्त एकसुरी असतात. नसेचा आवाज हृदयापर्यंत क्षीण पोचतो. मग ठोक्यांची लय बिघडण्याचा, एकाएकी थांबण्याचा धोका वाढतो.

तिसरी वाट हाडांतून जाते आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या अहमद तावकोल आणि सहकाऱ्यांनी २९३ माणसांचे पेट स्कॅन पाहिले. हे स्कॅन बहुतेक कर्करोगाच्या तपासणीसाठी काढलेले होते. हृदयाशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांत मेंदूतला अमिग्डला हा भीती-चिंतेचा छोटासा भाग किती पेटलेला आहे ते मोजलं, आणि मग ही माणसं काही वर्षं नजरेखाली ठेवली. ज्यांचा अमिग्डला जास्त पेटलेला, त्यांच्या हाडांतली मज्जा जास्त जोरात काम करत होती, धमन्यांच्या भिंतींना जास्त सूज होती, आणि पुढे झटका, पक्षाघात असे प्रसंगही त्यांच्यातच जास्त आले. मधला दुवा पांढऱ्या पेशींचा आहे. ताण सतत राहिला की मज्जेत त्या जास्त बनतात, रक्तात उतरतात, धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीत शिरतात आणि तिथला थर ठिसूळ करतात. २०१४ साली दुसऱ्या एका अभ्यासात हेच जिवंत दिसलं होतं. आठवडाभर अतिदक्षता विभागात ड्युटी केलेल्या निवासी डॉक्टरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. तावकोल यांनी ताण मोजला, नैराश्याचं निदान केलं नव्हतं, हे खरं. पण नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तातही सुजेच्या खुणा वाढलेल्या मिळतात. आणि सूज उलट दिशेनेही जाते. आजारी हृदय शरीरात सूज वाढवतं, ती मेंदूपर्यंत पोचते, तिथून मन आणखी खाली. म्हणून आधी काय आलं याचा वाद घालण्यात अर्थ उरत नाही. रस्ता दुहेरी आहे.

आता सगळ्यांत साधी वाट. ती सांगताना कुणी श्वास रोखून ऐकत नाही, तरी कदाचित सगळ्यांत जास्त माणसं याच वाटेने जातात. कार्नी यांनी १९९५ साली साठीपुढच्या हृदयरुग्णांना अॅस्पिरिनच्या बाटल्या दिल्या. झाकणात बाटली कधी उघडली ते टिपणारी चकती होती. नैराश्य नसलेल्यांनी ६९ टक्के दिवस गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेतल्या, नैराश्य असलेल्यांनी ४५ टक्के दिवस. ‘जाऊन काय करू’ म्हणणारा माणूस ‘घेऊन काय करू’ही म्हणतो, फक्त मोठ्याने म्हणत नाही. स्टेंट नवा असताना रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या १,०१७ हृदयरुग्णांच्या अभ्यासात मेरी व्हूली यांनी २००८ साली दाखवलं, की नैराश्यामुळे वाढलेल्या धोक्याचा मोठा वाटा अशा वागण्यातूनच येतो, विशेषतः हालचाल थांबल्यामुळे. याने बाकीच्या वाटा खोट्या ठरत नाहीत. उलट मला यात फार आशा दिसते, कारण अमिग्डलापर्यंत आपला हात पोचत नाही, पण नानांच्या हाताला धरून त्यांना जिन्याखाली नेता येतं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे काय, असं कुणी म्हणेल. ‘इंटरहार्ट’ हा ५२ देशांतला झटक्यांच्या कारणांचा प्रचंड अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात भारतही होता. ताण, नैराश्य, आयुष्यावर आपला ताबा नाही ही भावना, अशा मनोसामाजिक गोष्टींचा वाटा त्यात जवळपास एक तृतीयांश निघाला. त्याच अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती घेऊन नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की आपल्याकडे पहिला झटका सरासरीने ५३व्या वर्षाच्या आसपास येतो, बाकीच्या देशांत ५९च्या जवळ. ही सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न, मुलाची फी, गावाकडच्या घराचं छप्पर. सुरतेत कमाई बहुतेक नगावर, मीटरवर, पाळीवर असते. बारा तासांच्या पाळीला उभं राहता आलं नाही तर तो दिवस गेला. हिऱ्याच्या घंटीवर बसणाऱ्यांचं तेच. २०२४च्या मंदीत रत्नकलाकारांच्या आत्महत्या इतक्या वाढल्या, की डायमंड वर्कर्स युनियनला हेल्पलाइन सुरू करावी लागली. अशा शहरात झटक्यानंतर घरी बसलेल्या माणसाला नुसतं दुखणं छळत नसतं, आपण आता घराच्या उपयोगाचे नाही हा विचार छळत असतो. “टेन्शन घेऊ नका” या तीन शब्दांच्या काळजीने तो जात नाही.

बायकांचं आणखी अवघड. कमी वयात झटका आलेल्या स्त्रियांत नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, आणि त्यांना तर भिंतीला टेकून बसायचीही सवड नसते. आठव्या दिवशी त्या पोळ्या लाटत असतात, म्हणून घरच्यांना वाटतं, बऱ्या झाल्या.

मग नैराश्यावर उपचार केले की हृदय वाचतं का? इथे मन घट्ट करून खरं तेच सांगायला हवं. २००३ साली ‘एनरिच्ड’ नावाची मोठी चाचणी झाली, २,४८१ रुग्णांवर. अर्ध्यांना समुपदेशन आणि गरजेनुसार गोळ्या दिल्या. मनं थोडी सावरली. पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्या निकालाने अनेकांची उमेद गेली. पुढे २०१८ साली दक्षिण कोरियातून वेगळी बातमी आली. तिथे ३०० रुग्णांना २४ आठवडे एस्सिटॅलोप्राम किंवा खोटी गोळी दिली होती. आठ वर्षांनी पाहिलं तर खोट्या गोळीच्या गटात ५३.६ टक्के लोकांना पुन्हा हृदयाचा मोठा त्रास किंवा मृत्यू, खऱ्या गोळीच्या गटात ४०.९ टक्के. एका लहान चाचणीवरून ढोल वाजवू नयेत. मला मात्र एवढं नक्की वाटतं, की हृदय वाचो न वाचो, पहाटे तीनला उघडलेला डोळा पुन्हा मिटावा, भाकरीला चव यावी, एवढ्यासाठीही उपचार करणं योग्यच आहे. हृदयाच्या आयुष्यात भर पडली तर ती वरची कमाई.

मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणायचे, हा पुढचा रास्त प्रश्न. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ साली सांगितलं, की नैराश्याच्या दर शंभर रुग्णांतल्या पंच्याऐंशी जणांना उपचार मिळतच नाहीत. या कोड्याचं एक सुंदर उत्तर गोव्यात सापडलं. विक्रम पटेल आणि त्यांच्या ‘संगाथ’ या संस्थेने साध्या, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक लोकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी हे लोक सहा ते आठ बैठकांत बोलायचे. ‘का उदास आहात’ यापेक्षा ‘उद्या काय करणार’ यावर भर. पूर्वी आवडणारी एक लहान गोष्ट ठरवायची, ती कधी करायची ती वेळ ठरवायची, पुढच्या बैठकीत ती झाली का ते पाहायचं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांतले ३९ टक्के.

नानांची लहान गोष्ट काय असेल? संध्याकाळी पाचला खाली उतरून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जायचं, जुन्या पाळीच्या सोबत्यांशी दहा मिनिटं बोलायचं, परत यायचं. व्हेगस नसेला हे आवडतं, प्लेटलेट्सनाही आवडतं. भारतातल्या २४ रुग्णालयांत जवळपास चार हजार रुग्णांवर झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीतही, झटक्यानंतर योगाचे वर्ग केलेल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती आणि ते आपल्या पूर्वीच्या कामाधामाकडे जास्त वळले होते, जरी मृत्यूंच्या आकड्यात ठोस फरक दिसला नाही.

तपासायचं कसं, यासाठी स्कॅन लागत नाही. जगभर वापरले जाणारे दोनच प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि मन खिन्न, हताश आहे, असं किती दिवस? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं, तर पुढची नीट तपासणी हवी. हे प्रश्न बायकोने विचारावेत, मुलाने विचारावेत, फेरतपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी न विचारल्यास आपणच सांगावं, “डॉक्टरसाहेब, यांचा कशात जीव लागत नाही.” हे वाक्य छातीत दुखतंय इतक्याच गांभीर्याने सांगायचं आहे. सुरतच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

नैराश्याची गोळी सुरू झाली, तर हृदयाच्या डॉक्टरांना ती चिठ्ठी दाखवायची आणि मनाच्या डॉक्टरांना हृदयाची. प्लेटलेट मवाळ करणारी ही गोळी आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या की रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच असं काही दिसलं तर लगेच कळवायचं. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या हृदयाच्या लयीला मानवत नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली घ्यायची नाही. आणि मन बरं वाटलं म्हणून किंवा वाटलं नाही म्हणून, दोन्हींपैकी कुठलीही गोळी स्वतःच्या विचाराने बंद करायची नाही.